डॉक्टर रामटेके यांचे झोपलेले पेशंट

आमचे शेजारी डॉक्टर रामटेके थंडीच्या दिवसांत रोज सकाळी बरोबर आठ वाजता मेलेल्या झाडांची तब्येत पाहायला बाहेर पडतात.

"मेलेल्या" हा शब्द माझा. त्यांच्यासमोर तो माझ्या तोंडून एकदाच निघाला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वॉर्डात नातेवाइकांसमोर काहीतरी अभद्र बोलले होते. "मेलं नाही ना पोरी," ते म्हणाले, "झोपून राहिलंय ते. हळू बोल."

तेव्हापासून मी त्यांच्या बागेत हळू बोलते. माझ्यासारखी बाई हळू बोलते म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे, हे माझ्या नवऱ्याला विचारा.

राउंडचा त्यांचा पोशाख ठरलेला आहे. पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेसिंग गाऊन, खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला नागपूरहून आणलेली माकडटोपी आणि हातात क्लिपबोर्ड. समोर बाग म्हणाल तर काळ्या-तपकिरी काड्यांचा ढीग. काका प्रत्येक काडीपाशी थांबतात, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालतात, डोळे मिटतात, "हं" म्हणतात आणि पेन्सिलीने काहीतरी लिहितात. मी एकदा तो कागद चोरून पाहिला. वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावापुढे एकच शब्द होता: स्टेबल.

काका भूल देणारे डॉक्टर. नागपूरला शिकले आणि लीड्सच्या हॉस्पिटलात उभी हयात काढली. माणसं झोपवायची, झोपेत त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि वेळ झाली की उठवायची, हाच त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर माणसं संपली, म्हणून त्यांनी झाडं धरली. तीही कुठली, तर थंडी आली की वरून पार वाळून जाणारी, जमिनीखाली मुळं जिवंत ठेवणारी आणि वसंतात पुन्हा वर येणारी. दरवर्षी नवी लावावी लागणारी झाडं त्यांना चालत नाहीत. "ती काय, डे-केअरचे पेशंट," असं म्हणून ते हात झटकतात.

सुधाकाकू गेल्यावर मुलीने, मीनलने, त्यांना लीड्सहून इकडे मेडनहेडला आणलं. ती जवळच रीडिंग गावी हॉस्पिटलात नोकरीला आहे. "बाबा तिकडे एकटा कसा राहणार?" हा तिचा प्रश्न, इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मोडक्या मराठीत. काका आले ते दोन सुटकेस आणि एक व्हॅनभर झाडं घेऊन. आले म्हणायचं आपलं. शरीराने आले. बोलणं अजून "आमच्या लीड्सला" इथूनच सुरू व्हायचं. हवामान बघायचे तेही लीड्सचं. किचनच्या भिंतीवर कचऱ्याच्या बिनांचं कॅलेंडर होतं, तेसुद्धा लीड्सच्या कौन्सिलचं, आणि त्याप्रमाणे दर मंगळवारी ते बिन फुटपाथवर नेऊन ठेवायचे. आमच्याकडे कचरा शुक्रवारी उचलतात. मी शंभरदा सांगितलं. ते "बरं" म्हणायचे आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बिन बाहेर. शेवटी मीच ते मंगळवारी आत ढकलायचे आणि गुरुवारी संध्याकाळी बाहेर काढायचे. दोन वर्षं हेच केलं!

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मला पसारा बघवत नाही. ऑफिसात दिवसभर लोकांच्या मागे लागून कामं पुरी करून घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि घरी आल्यावर तीच सवय मोकाट सुटते. दिवाळीच्या आधी मी आमची पुढची बाग खरवडून चकाचक केली होती. शेजारी काकांच्या काड्या तशाच. पार्सलवाले घर रिकामं समजून परत जायचे. माझ्या हातात कात्री होती, सुट्टीचा दिवस होता. मी कुंपणावरून म्हटलं, "काका, तासाभरात सगळं कापून देते."

"काऊन? आत किरायेदार आहेत."

"कोण?"

"काड्या पोकळ असतात ना. लेडीबर्ड, ते ठिपक्यांचे लाल किडे, झोपून राहिले आहेत आत. वरच्या बोंडातले दाणे पाखरं खातात. मार्चच्या आधी कात्री नाही. घाई कोणाला आहे?"

घाई मला होती. पण मी गप्प बसले, कारण काकांचं लेक्चर सुरू झालं होतं. थंडीतल्या देखभालीची त्यांची सगळी विद्या तीन वाक्यांत मावते. पहिलं: "थंडीने कोणी मरत नाही, ओल मारते." दुसरं: "पांघरूण गळ्यापर्यंत." म्हणजे कुजलेल्या पानांचं खत झाडाच्या भोवती घालायचं, कोंब निघतो त्या जागेवर नाही. "तोंडावर घालशील का कोणाच्या पांघरूण?" आणि तिसरं, माझ्या जिवावर येणारं: "हात लावायचा नाही."

या सगळ्या गर्दीत एक पेशंट स्पेशल होता. मागच्या दारापाशी छपराखाली, दोन विटांवर ठेवलेली एक मोठी कुंडी. आत पिओनी. गुलाबाची थोरली, धिप्पाड बहीण वाटावी असं हे फूल, म्हणजे फोटोत तरी, कारण कुंडीतल्या झाडाने मेडनहेडला आल्यापासून एकही फूल दिलं नव्हतं. थंडीत तर तिथे नुसती माती दिसायची आणि मातीतून जेमतेम डोकावणारे चार-पाच गुलाबी कोंब. कुंडीत एक पट्टी खोचलेली होती आणि तिच्यावर सुधाकाकूंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: दाराजवळचा लाल. लीड्सचं घर घेतलं त्या वर्षी काकूंनी तो मागच्या दाराशी लावला होता.

"काका, हे जमिनीत का नाही लावत?" मी एकदा विचारलं.

"जागा आहे ना त्याची लीड्सला."

ते घर विकलेलं होतं. हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

डिसेंबरात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत मीनलकडे राहायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी काकांनी मला बोलावून रीतसर चार्ज दिला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दोन कागद. मी वाचायला घेतले. "सीडम: काही करू नये. एकिनेशिया: काही करू नये. हॉस्टा: दिसणार नाही, तरी काही करू नये." असं करत करत शेवटी, "कुंडी: काही करू नये," आणि त्याखाली दोन रेघा.

"काका, मग मी नेमकं करायचं काय?"

"लक्ष ठेवायचं."

"कशावर?"

"कोणी काही करून नाही राहिलं ना, यावर."

हसू नका. आयुष्यात मला याहून कठीण काम कोणी दिलेलं नाही. पण मी ते केलं. खिडकीतून त्या काड्यांकडे बघत, दातओठ खात, काहीही केलं नाही. काका रोज संध्याकाळी सहाला फोन करायचे. "पेशंट कसे आहेत?" मी म्हणायचे, "स्टेबल." ते "व्हेरी गुड, लव्ह," म्हणून फोन ठेवायचे. हे "लव्ह" त्यांना यॉर्कशरने, म्हणजे लीड्सच्या मुलखाने, चिकटवलेलं आहे. पोस्टमन, दवाखान्यातला डॉक्टर, माझा नवरा, सगळेच लव्ह.

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझी आई.

आई सप्टेंबरात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काकांच्या बागेला हात लावायचा नाही." ती "बरं बाई" म्हणाली होती. माझी आई बरं म्हणते तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. पन्नास वर्षं तिच्या हातचं खाऊनही मला अक्कल आली नाही.

नव्या वर्षाच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच सकाळी घरी निवांत चहा पीत खिडकीशी उभी होते. बघते तर आई साडीवर माझं जाड जाकीट चढवून, डोक्याला मफलर गुंडाळून, हातात तांब्या घेऊन मधल्या फाटकातून काकांच्या मागच्या दाराकडे निघालेली. देवाला निघावी तशी. कुंडीपाशी थांबली, तांब्या सावकाश रिकामा केला. मग पदराआडून वाटी काढली आणि तीही कुंडीत उपडी केली.

मी चपला न घालता धावले.

"आई! काय करतेस?"

"पाणी घालते. ओरडतेस काय अशी?"

"कधीपासून?"

"डॉक्टर गेले त्या दिवसापासून. बाकीच्या झाडांना पाऊस मिळतो गं. हे एकटंच छपराखाली, बिचारं कोरडंठाक. आंघोळ झाली की आणून घालते तांब्याभर. कोमट करून हं. एवढी थंडी, गार पाणी कसं घालायचं?"

"आणि वाटीत काय होतं?"

"चहाचा चोथा. गुलाबाला घालतोच की आपण."

"मी तुला काय सांगितलं होतं? हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"मग हात कुठं लावला?" आई म्हणाली. "पाणी घातलं."

मी कुंडीत पाहिलं. कोंब दिसतच नव्हते. वर चार बोटं चोथा, त्यावर पांढरी बुरशी. खाली चिखल, आणि रात्रीच्या थंडीने कडेकडेने त्याचा बर्फ झालेला. ज्या पावसापासून वाचवायला काकांनी ती कुंडी विटांवर, छपराखाली ठेवली होती, तो सगळा पाऊस माझ्या आईने तांब्याने आणून घातला होता.

मग मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. चमच्याने चोथा खरवडला. कुंडी तिरकी करून पाणी काढलं. एक्स्टेन्शनची वायर ओढून आणली आणि कुंडीला हेअर ड्रायर लावला. समोरच्या म्हाताऱ्या बाई मागच्या वाटेने कुत्रं फिरवत होत्या, त्यांनी बघितलं, "लव्हली डे," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या संध्याकाळी सहाला फोन आला. "पेशंट कसे आहेत?"

मी म्हटलं, "स्टेबल."

त्यानंतर रोज म्हटलं. एका शनिवारी तर गार्डन सेंटरला जाऊन आले. पिशवीतली पिओनीची मुळी होती, वर चित्रही लालच होतं. हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. कुंडीत घालून वर ती पट्टी खोचली असती तर काकांना कदाचित कळलंही नसतं. पण त्या पट्टीवरचं अक्षर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पिशवी परत ठेवली आणि घरी येऊन नवऱ्यावर उगाचच खेकसले.

जानेवारीच्या शेवटी मीनलने काकांना आणून सोडलं. गाडीतून उतरले ते घरातसुद्धा गेले नाहीत. काठी टेकत थेट राउंडवर. मीनल मागून, "बाबा, आधी बस ना. तो कुंडी काय पळून जाणार आहे का?" म्हणत होती. मी आणि आई फाटकाशी, शाळेत बाकावर उभं केल्यासारख्या.

काका कुंडीपाशी पोचले. बोट मातीत घातलं. डोळे मिटले. "हं" आलं नाही. बोट बाहेर काढून त्यांनी नाकाशी नेलं.

"चहा?" ते म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "डॉक्टर, चूक माझी आहे. हिने मला बजावलं होतं. मीच रोज पाणी घातलं, चोथा घातला. मला वाटलं, एकटंच आहे बिचारं, उपाशी मरेल. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला." एवढं म्हणून ती रडायलाच लागली. मग मी माझंही सगळं एका दमात सांगून टाकलं; हेअर ड्रायर, गार्डन सेंटर, रोजचं खोटं स्टेबल, सगळं.

काका आईकडे वळले. "ताई, पाणी कोमट करून घातलं म्हणता?"

"थंडी होती ना हो," आई डोळे पुसत म्हणाली.

काका हसायला लागले. बाप्पा बाप्पा करत हसले, खुबा दुखायला लागला तसे काठीवर वाकले, तरी हसतच होते. मग मीनल गाडीतून सामान काढायला गेली आणि काका तिथेच पायरीवर बसले. हसू संपलं होतं.

"सुधा शेवटी व्हेंटिलेटरवर होती," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगत होतो, काळजी नका करू, झोपून राहिली आहे, उठेल. माझंच काम ना ते. जन्मभर तेच केलं. कोण झोपलंय आणि कोण गेलंय, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? एक नर्स होती. पोरगीच होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, डॉक्टर, लव्ह, शी इज गॉन. मला कळलं नव्हतं. मला!"

आईने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. मला मात्र आठवत होतं की दोन वर्षं मी या माणसाच्या "झोपून राहिलं" या शब्दांची नवऱ्यापुढे नक्कल करत होते, आणि माझी मलाच शरम वाटली.

"याचं काय करायचं मग?" मी कुंडीकडे बोट दाखवलं.

"काही नाही," काका उठत म्हणाले. "मार्चपर्यंत कळणार नाही. थांबायचं."

आई फेब्रुवारीत सांगलीला गेली. तिचा रोज फोन, आणि "जेवलीस का" च्या आधी एकच प्रश्न: "उठलं का गं ते?" नव्हतं उठलं. बाकीची बाग हळूहळू हलायला लागली. सीडमच्या बुडाशी हिरवी बोंडं दिसली, हॉस्टा म्हणतात ते अखेर मला दिसलं, काकांच्या कागदावर स्टेबलच्या जागी "जागा होतोय" यायला लागलं. कुंडीत मात्र नुसती माती.

मार्चच्या एका कोरड्या शनिवारी काकांनी हाक मारली. जुन्या काड्या कापायचा दिवस. मला कात्री मिळाली एकदाची! मी दोन तासांत सगळी बाग भादरली. लेडीबर्डची झोपमोड नको म्हणून काड्या आठवडाभर कोपऱ्यात उभ्या ठेवायच्या आणि मगच बिनात टाकायच्या, अशी ऑर्डर होती. तीही पाळली. मग काका म्हणाले, "चल, आता कुंडी."

मी आईला व्हिडिओ कॉल लावून फोन विटेवर टेकवून ठेवला. काकांनी कुंडी आडवी केली, बुडावर थापट्या मारल्या आणि आतला गोळा बाहेर ओढला. आंबूस वास आला. मुळं रताळ्याएवढी जाड, पण बोट लावलं की काळा लगदा. काकांनी खिशातून छोटी सुरी काढली. हात जरासुद्धा कापत नव्हता. एकेक मूळ दाबून बघत होते आणि कापून बाजूला टाकत होते. ढीग वाढत गेला. एका जाड, मधल्या, सगळ्यांत जुन्या मुळाशी ते थांबले. दाबलं. पुन्हा दाबलं. बराच वेळ हातात धरून बसले.

मग म्हणाले, "हे गेलं."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ते मूळ फेकलं नाही, हळूच बाजूला ठेवलं. मी काकांकडे न बघता फोनकडे बघितलं, म्हणजे आईकडे. ती तिकडे रडत होती.

शेवटी हातात उरला तळव्याएवढा तुकडा. एक निरोगी मूळ आणि त्यावर दोन लालबुंद कोंब, तांदळाच्या दाण्याएवढे.

"एवढंच," काका म्हणाले.

"दाखवा बघू," फोनमधून आवाज आला. मी फोन जवळ नेला. आईने चष्मा चढवला. उसाच्या मुलखातली बाई ती. "दोन डोळे आहेत की! मग रडायचं कशाला? आमच्याकडे कांडीला एक डोळा असला तरी ऊस उभा राहतो. लावा, डॉक्टर. जमिनीत लावा. कुंडीत पुन्हा कुणीतरी माझ्यासारखी येईल पाणी घालायला."

काका त्या तुकड्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता येणार "आमच्या लीड्सला". नाही आलं. ते उठले आणि काठीने आमच्या दोघांच्या मधल्या कुंपणापाशी, उन्हाच्या बाजूला, जमिनीवर एक गोल काढला. "इथे खण," म्हणाले.

मी खणलं. खाली खडी घातली, पाणी साचू नये म्हणून. काकांनी गुडघ्यावर बसता येईना तर खुर्ची मागवली, खुर्चीवरून वाकून तो तुकडा ठेवला आणि डोळे जेमतेम झाकतील एवढीच माती लोटली. वर पट्टी खोचली. दाराजवळचा लाल. इथे जवळपास दार नव्हतं. मी विचारलं, नवी लिहू का?

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं अक्षर आहे."

"फूल कधी येईल?"

"हलवलेलं आवडत नाही त्याला. त्यात एवढुसा तुकडा. तीन वर्षं तरी नाही."

"तीन वर्षं?"

"घाई कोणाला आहे?"

मी पहिल्यांदाच म्हटलं, "कोणालाच नाही."

पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या काड्या मी बिनात कोंबत होते. काका दारात उभे राहून बघत होते, ड्रेसिंग गाऊन, माकडटोपी, क्लिपबोर्ड. बिन भरलं, झाकण लागेना, मी वर चढून बसायच्या बेतात होते.

"पोरी," ते म्हणाले, "इथे बिन कोणत्या दिवशी असतं?"

मी झाकण धरून तशीच उभी राहिले. शंभरदा सांगितलेलं मी एकशे एकाव्या वेळी सांगितलं, पण या वेळी हळू.

"शुक्रवारी, काका."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि क्लिपबोर्डवर लिहून घेतलं.